उंच ड्रायव्हरसाठी जुन्या पिकअपची सीट बदलताना

सहा फुटांच्या वरचा माणूस जुन्या पिकअपमध्ये बसला की तीन ठिकाणी अडतो: डोकं छताला, गुडघा स्टिअरिंगला आणि पाठ केबिनच्या मागच्या पत्र्याला. इंदूरच्या चोइथराम मंडीतून कांदा भरून सेंधव्यापर्यंतचे दीडेकशे किलोमीटर असे काढले की पुढचा धुळ्याचा रस्ता कंबरच मोजत जाते. मग कोणीतरी सुचवतं, ‘स्कॉर्पिओची सीट टाकून घे ना.’ सीट येते, वेल्डर ‘हो जाएगा भिया’ म्हणत दुपारभरात ती ठोकून देतो, आणि संध्याकाळी कळतं की डोकं आता छताच्या आणखी जवळ गेलंय. मोठ्या गाडीची सीट जाड असते आणि जाड सीट माणसाला वर उचलते. उंच माणसाला जायचं असतं खाली आणि मागे.

म्हणून या लेखात सीट विकत घ्यायची वेळ बरीच उशिरा येईल. आधी माप, मग फुकटचे उपाय, मग ब्रॅकेट, आणि एवढ्यानं भागलं नाही तरच दुसरी सीट. बोलेरो पिकअप, कॅम्पर, टाटा २०७, झेनॉन अशा पुढे बॉनेट असलेल्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरीत इंजिन सीटच्या खाली असतं. तिथे सीट खाली घ्यायला जागाच नसते, आणि सीटखालचं झाकण मिस्त्रीला उघडावंच लागतं. त्या गाड्यांना फोम आणि पाठीपुरतंच काय ते करता येतं.

अडतंय कुठे ते आधी ठरवा

रोज गाडी चालवताना पायात जे असतं तेच घालून बसा. बुटाच्या आणि चपलेच्या तळव्यात अर्ध्या इंचाचा फरक सहज पडतो. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे घ्या आणि क्लच पूर्ण दाबा. पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहायला हवा. उंच माणसाची अडचण बहुधा उलटी असते: क्लच सोडला की डावा गुडघा स्टिअरिंगच्या चाकाला घासतो, आणि ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेताना उजवा गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या कव्हरला आपटतो. ही दुसरी गोष्ट नुसती गैरसोयीची नाही, धोक्याची आहे. ती असेल तर बाकी सगळं सोडून आधी तिचा बंदोबस्त करा.

मग डोकं. ताठ बसा आणि डोक्यावर चार बोटं आडवी धरा. ती छताखाली मावायला हवीत. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असलेली रिकामी पिकअप खड्ड्यात किती उसळते हे सांगायला नको. त्यानंतर नजर. चौकात पहिल्या रांगेत उभे असताना सिग्नल बघायला मान खाली घालावी लागते का? समोर रस्त्याऐवजी सन व्हायजर दिसतो का? तसं असेल तर डोकं छताला लागत नसलं तरी तुम्ही फार वर बसलाय.

उरलं मांडी आणि मान. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची पुढची कड यांच्यात दोन-तीन बोटांची फट चांगली. तिथे अख्खा पंजा जात असेल तर सीटची गादी तुमच्या मांडीला आखूड आहे, आणि मांडीचं सगळं ओझं कमरेवर येतंय. हेडरेस्टची वरची कड निदान कानाच्या वरच्या टोकापर्यंत यायला हवी. जुन्या पिकअपमध्ये ती उंच माणसाच्या मानेशीच संपते, आणि मागून धक्का बसला की डोकं तिच्यावरून मागे लवंडतं. असं हेडरेस्ट नसल्यातच जमा.

या पाच गोष्टींपैकी तुमची कोणती, हे एका ओळीत लिहून ठेवा. ‘कंबर दुखते’ हे निदान नाही. ‘मांडीखाली पाच बोटं रिकामं आहे’ हे निदान आहे.

मापं

मापं घ्यायला दोन माणसं लागतात, कारण सगळी मापं ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना घ्यायची. रिकामी गादी आणि नव्वद किलोंचा माणूस बसलेली गादी यांच्या उंचीत दीड-दोन इंचांचा फरक निघू शकतो. दुकानात रिकाम्या सीटला टेप लावून घेतलेल्या मापानं म्हणूनच फसगत होते.

गाडी बनवणारे सगळी मांडणी एका बिंदूवरून करतात: बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा. त्याला ते एच पॉइंट म्हणतात. पेडल किती लांब, स्टिअरिंग किती वर, बेल्टचा खिळा (बेल्ट गाडीला जोडतात ती जागा) कुठे, आरसा कुठे, हे सगळं त्या बिंदूशी बांधलेलं असतं. सीट बदलताना आपण हलवतो तो खरं तर हाच बिंदू. बाकीचं सगळं होतं तिथेच राहतं. तेव्हा ड्रायव्हर बसला की खुब्याच्या सांध्याच्या रेषेत दाराच्या चौकटीवर चिकटपट्टीची खूण करा. पुढे जे काही कराल ते ‘या खुणेपासून किती मागे, किती खाली’ याच भाषेत लिहायचं. कागदावर ‘दीड इंच मागे, पाऊण इंच खाली’ असं उतरलं की वेल्डरशी बोलणं सोपं होतं. तो कदाचित सुतात बोलेल. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. कागदावर दोन्ही लिहा, म्हणजे वाद नको.

आता केबिनची मापं. सीट शेवटच्या खाचेत असताना तिची पाठ आणि मागचा पत्रा यांच्यात किती जागा आहे. गादीच्या खालच्या सांगाड्यापासून गाडीच्या तळाच्या पत्र्यापर्यंत किती. दार बंद असताना दाराच्या आतल्या पॅनेलपासून मधल्या उंचवट्यापर्यंत किती रुंदी, आणि त्यात हँडब्रेक किंवा गिअरचा दांडा कुठवर येतो. शेवटी चारही बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं: पुढचे दोन, मागचे दोन, आणि दोन्ही कर्णही. कर्ण घेतले नाहीत तर चौकोन तिरका आहे की सरळ ते कळत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत तो तिरका असतो. पुढचे बोल्ट मागच्यांपेक्षा किती वर आहेत तेही टिपा. हे सगळं एका मोठ्या पुठ्ठ्यावर भोकं पाडून उतरवून घेतलं तर उत्तम. जुनी सीट शोधायला जाताना तो पुठ्ठाच बरोबर न्यायचा.

एक हिशोब इथेच समजून घ्या, कारण नवखे लोक इथे हमखास चुकतात. सीट एक इंच खाली घेतली की डोक्याला एक इंच मिळतो, पण पाय त्याच पेडलपर्यंत आता जास्त आडवे होऊन जातात. त्यांना लांबी जास्त लागते, म्हणजे सीट थोडी मागेही घ्यावी लागते. मागे घेतली की हात स्टिअरिंगपासून आणि गिअरपासून लांब पडतात. त्यासाठी पाठ थोडी उभी करावी लागते, आणि पाठ उभी केली की डोकं पुन्हा वर. एकच माप बदलून थांबता येत नाही. म्हणूनच मोठी उडी न घेता अर्धा-अर्धा इंचानं पुढे जायचं.

पैसे न लागणारे इंच

सीटच्या मागे हात घाला. जॅक, टॉमी, ताडपत्रीची घडी, पाण्याची बाटली, दोरखंड. पिकअपवाले हे सगळं तिथेच कोंबतात आणि सीट शेवटच्या दोन खाचांपर्यंत पोचतच नाही. सामान काढा. मग रेल बघा, म्हणजे सीट ज्यांवर मागे-पुढे सरकते त्या पट्ट्या. जुन्या गाडीच्या रेलमध्ये माती आणि ग्रीस यांचा चिखल होऊन तो दगडासारखा झालेला असतो, कधी त्यात एखादं नाणं किंवा स्क्रू अडकलेला निघतो. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं साफ करा, वाळू द्या, पांढरं ग्रीस अगदी पातळ लावा. नुसत्या सफाईनं इंचभर मागे सरकलेल्या सीटा पाहिल्या आहेत.

दुसरं म्हणजे थर. मूळ रेक्झिन, त्यावर नवं कव्हर, त्यावर टर्किश टॉवेल, त्यावर मण्यांची जाळी. मे महिन्यात इंदूरला रेक्झिन तापतं हे खरं, पण एकावर एक चढवलेल्या थरांनी डोकं पाऊण-एक इंच वर जातं. एक सुती कव्हर ठेवा, बाकी काढा.

तिसरं म्हणजे गादीचा फोम. इथे थोडा वेळ घालवण्यासारखा आहे. बहुतेकांना वाटतं की लांबच्या प्रवासाला मऊ गादी बरी. पण माणसाच्या शरीराला उभी थरथर सर्वांत जास्त जाणवते ती सेकंदाला ४ ते ८ झटक्यांच्या पट्ट्यात, आणि खराब रस्त्यावर कडक स्प्रिंगांची गाडी साधारण अशाच झटक्यांचा मारा करते. जाड, मऊ फोम त्या तालावर स्वतःच हलायला लागतो, आणि मोठ्या खड्ड्यात पूर्ण दाबला जाऊन खालच्या लोखंडाला टेकतो. त्यापेक्षा पातळ पण घट्ट फोम उंच माणसाला दुहेरी फायद्याचा: तो कमी उंचीत तेवढाच आधार देतो. सीटवाल्याकडे ‘४० डेन्सिटी’चा फोम मागा. ३२ची डेन्सिटी घरच्या सोफ्याला ठीक आहे, पिकअपमध्ये ती लवकर बसते. बसण्याच्या हाडांखाली अर्धा-पाऊण इंच कमी करायला सांगा, पण पुढची कड तशीच ठेवायला सांगा. त्यानं गादीचा उतार किंचित मागे होतो आणि मांडीला टेकू मिळतो. पुढची कड उलट वाढवून घेण्याच्या मोहात पडू नका. अर्ध्या इंचापेक्षा जास्त झाली की क्लच दाबताना मांडी तिच्यावर दाबली जाते आणि पाय बधिर होतो. गादी आखूड असेल तर पुढे दीडेक इंच घट्ट फोमचा तुकडा जोडून घेता येतो, मात्र त्याच्या खाली प्लायवुड किंवा पत्र्याचा आधार हवा, नुसता फोम लोंबकळतो.

फोमच्या खालचे रबरी पट्टे किंवा स्प्रिंगा तुटल्या असतील तर आधी त्या. खालचा आधार गेलेल्या सीटवर नवा फोम म्हणजे पैसे पाण्यात.

सहा फूट ते सहा फूट एक इंचवाल्या बऱ्याच लोकांचं काम इथेच संपतं. त्यांनी पुढचे चार भाग सोडून बेल्टचा भाग वाचावा.

ब्रॅकेट

तरीही कमी पडत असेल तर पुढची पायरी म्हणजे तीच सीट, तीच रेल, पण तळाशी दोन लोखंडी पट्ट्या घालून ती मागे नेणं. सिंगल केबिनमध्ये मागे जागा असते ती मोजकीच. पाठ पत्र्याला टेकून वर हेडरेस्टही काचेला लागायला नको, तेव्हा दीड इंच मिळाला तरी नशीब. कॅम्परसारख्या डबल केबिनमध्ये जागा जास्त, पण ती मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या हिश्शातून येते.

पट्टी निदान ५-६ मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर रुंद एमएस फ्लॅटची, म्हणजे साध्या पोलादाच्या सपाट पट्टीची. आत रेलसाठी नवीन भोकं, बाहेर मूळ बोल्टची भोकं. मूळ भोकांच्या मागे पट्टी दोन इंचांपेक्षा जास्त लोंबत असेल तर तिथे तळात नवं आरपार भोक आणि खालून मजबुतीची प्लेट हवीच. समोरून टक्कर झाली की माणसासकट सीट पुढे झेपावते, आणि तिचे मागचे पाय वर उपटले जातात. तेव्हा बोल्ट क्वचितच तुटतो. तळाचा पत्रा फाटतो आणि बोल्ट त्यातून वर निघून येतो. खालून तळहाताएवढी, तीन मिलिमीटरची प्लेट लावली की जोर पसरतो. सीटच्या मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीटच्या वजनाच्या २० पट जोर लावून बघतात. पंधरा किलोंची सीट म्हणजे तीनशे किलोंची ओढ, आणि बेल्ट सीटला जोडलेला असेल तर माणसाचं ओझं त्याहून कितीतरी वर. हे डोक्यात ठेवलं की ‘दोन वॉशर टाकून उचलून देतो’ असं म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

वॉशरची चळत, पाइपाचे तुकडे घालून लांब बोल्ट, किंवा लाकडाचा ठोकळा यांपैकी काहीही चालणार नाही. मूळ रेलला वेल्डिंगही नको. ती पातळ आणि कडक पोलादाची असते, तापली की वाकते, आणि मग एका बाजूची खाच बसते, दुसरीची बसत नाही.

काही गाड्यांत सीट तळावर थेट नसून पत्र्याच्या एका पेटीवर बसवलेली असते आणि ती पेटी तळाला वेल्ड केलेली असते. ‘ही कापली की दोन इंच खाली’ असं कोणीही सुचवेल. कापू नका. ती पेटी तळाला ताठ ठेवते आणि सीटचा जोर पसरवते. अशा गाडीत खाली जायचं ते फोममधून किंवा कमी उंचीच्या सीटमधून.

बोल्ट सियागंजमधून घ्या, तिथे हार्डवेअरची घाऊक दुकानं आहेत आणि हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारे बोल्ट सुटे मिळतात. डोक्यावर मजबुतीचा आकडा, ८.८ किंवा १०.९, कोरलेला असायला हवा. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट गेटाच्या बिजागरीला ठीक, सीटला नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे.

दुसरी सीट घ्यायचीच असेल तर

पुठ्ठा आणि टेप घेऊन जा, आणि शक्य असेल तर ड्रायव्हरलाही. देवास नाक्याकडच्या गॅरेजांत चौकशी करा किंवा भंगारवाल्याकडे जा, बघायच्या गोष्टी त्याच. पहिली, गादीवर माणूस बसल्यावर रेलच्या तळापासून गादीपर्यंतची उंची. ती तुमच्या सध्याच्या सीटपेक्षा कमी हवी, निदान जास्त नको. दुसरी, गादीची लांबी. तिसरी, पाठीची उंची आणि हेडरेस्ट किती वर जातं. रंग, रेक्झिन, शिलाई हे सगळं नंतर.

बहुतेकांची नजर मोठ्या एसयूव्हीच्या सीटवर जाते. माझं मत विचाराल तर सेडानची ड्रायव्हर सीट जास्त कामाची. सेडानमध्ये माणूस तळाच्या जवळ बसतो म्हणून तिचा सांगाडा बुटका असतो, पाठ उंच असते. उंची कमी-जास्त करायचा दांडा असलेली मिळाली तर सोनंच, कारण गाडी दुसऱ्या कोणी चालवली तरी चालते. ट्रकच्या हवेवर किंवा स्प्रिंगवर झुलणाऱ्या सीटचा विचारही करू नका. तिच्या खालच्या यंत्रणेलाच इतकी उंची लागते की पिकअपच्या केबिनमध्ये तुम्ही दुमडून बसाल.

नव्या गाडीच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असू शकते. पाठीच्या बाजूला शिवणीजवळ एअरबॅग लिहिलेली चिठ्ठी आणि खालून निघालेली पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती सीट सोडून द्या. न जोडलेली एअरबॅग उपयोगाची नाही, आणि तिच्यावर मीटर लावून तपासणं किंवा कव्हर बदलायला ती उसवणं जिवावर बेतू शकतं.

सीट उलटी करून बघा. सांगाड्याला जुनं वेल्डिंग, वाकलेली रेल, पाण्याची रेष दिसली तर ती अपघाताची किंवा पुराची गाडी होती. दोन्ही बाजूंची खाच एकाच वेळी ‘खट्’ होते का ते कान लावून ऐका. पाठ मागे-पुढे हलवून तिच्यात किती ढिलाई आहे ते बघा. थोडी चालते, पण टकटक आवाज येत असेल तर आतले दात झिजलेत.

काढणं

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सीट पूर्ण मागे करून पुढचे बोल्ट, मग पूर्ण पुढे करून मागचे. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि गोटी पाना वापरा. फिक्स पान्यानं कडा घासल्या की पुढचा अर्धा दिवस गेला. बोल्ट सुटत नाही म्हणून गॅसची ज्योत लावायला कोणी निघालं तर थांबवा, कारण तळाच्या पत्र्याखालून डिझेलची आणि ब्रेकची नळी गेलेली असू शकते आणि वर कापूस, फेल्ट, फोम आहे. त्याच कारणानं नवं भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघायचं. ड्रिलचं टोक कुठे निघणार हे खालून खिळ्यानं खूण करून ठरवा.

बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही, याचा अर्थ पत्र्याखालचा वेल्ड केलेला नट सुटलाय. खालून पान्यानं धरून काढा. त्या जागी परत येताना प्लेट आणि नवा नट.

सीट निघाली की चटई उचला. पावसाळ्यात ओले पाय, मंडीतल्या पोत्यांतून गळणारं पाणी, तुटलेल्या दाराच्या रबरातून आलेली सर, सगळं तिथे जाऊन बसतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ठोकून बघा. पत्रा टणक वाजला तर गंज खरवडून, रेड ऑक्साइड आणि वरून रंग. टोक आत गेलं तर सीटचं काम थांबवून आधी डेंटरकडे. वेल्डिंग होणार असेल तर बॅटरी पूर्ण सोडवून घ्या, आणि कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल) इंजिनाची गाडी असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरचा कनेक्टरही.

बसवणं

चारही बोल्ट हातानं दोन-तीन आटे लावून घ्या, मगच पाना. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याचं भोक पहारीनं ओढून जुळवलं तर रेल तिरकी बसते आणि आयुष्यभर कुरकुरते. सगळे ढिले असताना सीट पूर्ण मागे-पुढे तीन-चार वेळा सरकवा, ती आपली जागा शोधते, मग थोडं थोडं आलटून-पालटून आवळा. टॉर्क रेंच मिळाला तर ८ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर आणि १० मिलिमीटरला ४५ ते ५०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच.

आता खाचेची परीक्षा. प्रत्येक खाचेत सीट थांबवून दोन्ही पाय पुढे टेकून पाठीनं जोरात मागे रेटा, मग स्टिअरिंग धरून पुढे झटका द्या. एकाही खाचेत सीट सुटली तर गाडी रस्त्यावर काढायची नाही. भेरू घाटाच्या चढावर रेल सुटली तर सीट मागे जाते, आणि पाय पेडलवरून उचलला जातो.

बेल्ट

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. बेल्टचा वरचा टेकू दाराच्या मागच्या खांबावर असतो आणि तो तुमच्या खांद्याच्या मागे असायला हवा. सिंगल केबिनमध्ये खांब जवळजवळ मागच्या कोपऱ्यातच असल्यामुळे सहसा अडचण येत नाही. डबल केबिनमध्ये सीट दोन-तीन इंच मागे नेली की खांदा खांबाच्या मागे जातो, बेल्ट छातीला न टेकता पुढून लोंबतो, आणि टक्कर झाल्यावर तेवढं अंतर शरीर मोकळंच पुढे जातं. असं होत असेल तर एवढी सीट मागे नेऊ नका. गुडघ्याला मिळालेला तो इंच छातीच्या किमतीचा नाही.

कमरेची पट्टी पोटावरून नव्हे, खुब्याच्या हाडांवरून जायला हवी. बकलचा दांडा खुब्याच्या मागून वर यायला हवा. बकल मूळ सीटला जोडलेलं होतं की तळाला, हे काढतानाच बघून ठेवा. तळाला असेल तर ते तिथेच ठेवा. नव्या सीटच्या सांगाड्याला घरगुती पट्टी वेल्ड करून त्यावर बकल लावू नका. बेल्टच्या खिळ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पिकअपसारख्या हलक्या मालवाहूंना छातीच्या आणि कमरेच्या पट्टीवर प्रत्येकी साधारण पावणेचौदाशे किलोंच्या वजनाइतकी ओढ लावतात. गल्लीतल्या वेल्डिंगची परीक्षा तशी कोणी घेत नाही.

बेल्टचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, बारीक आट्यांचे असतात. ते मिलिमीटरच्या बोल्टांसारखे दिसतात, पण मिलिमीटरचा बोल्ट त्यांच्या जागी दोन आटे जाऊन अडकतो. जबरदस्तीनं घातला तर आतला नट गेला. जुनेच काढून जुनेच लावा.

चालवून बघणं

तिन्ही आरसे आणि हेडरेस्ट नव्यानं लावल्याशिवाय गाडी सुरू करू नका. नजर खाली आल्यावर बॉनेटची पुढची कड आणि डावा कोपरा वेगळा दिसतो. पहिले दोन दिवस गल्लीत माणसं-रिक्षांचा अंदाज चुकेल. पाचवा गिअर टाकताना खांदा सीटवरून सुटत असेल तर पाठ एक खाच उभी करा.

पहिला फेरा कॉलनीतच, मग राऊपर्यंत, मग सिमरोलचा घाट. हळू वेगात दोन-चार जोराचे ब्रेक मारून बघा. घाटात उजवा पाय ब्रेकवर नेताना गुडघा कुठेही लागता कामा नये. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा. रंग आणि गंज दबून ते थोडे ढिले होतातच. नवा फोमही पहिल्या आठवड्यात थोडा बसतो, त्यामुळे सीटवाल्याला उरलेले पैसे आठवड्यानंतर द्यायची बोली करून ठेवावी.

कागद

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२एमध्ये नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. सिंगलच्या जागी सिंगल सीट आली आणि बसणाऱ्यांची संख्या तीच राहिली तर आरसीवरची आसनसंख्या तशीच राहते. पण दोघांचा बाक काढून तिथे एक बकेट सीट टाकली, किंवा मागची सीट काढून मालाला जागा केली, तर आसनसंख्या बदलते. ते काम नायता मुंडल्याच्या आरटीओत आधी विचारल्याशिवाय करू नका.

व्यावसायिक पिकअपचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होतं, म्हणजे जुन्या गाडीची सीट आणि बेल्ट दरसाल कोणाच्या तरी नजरेखालून जाणारच. बोल्टची बिलं, तळाच्या प्लेटचे मोबाईलवरचे फोटो आणि मापांचा तो कागद गाडीच्या फाईलमध्ये ठेवा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर त्याच फाईलमध्ये लावा. मूळ सीट आणि तिचे चार बोल्ट भंगारात घालू नका. गाडी विकताना घेणारा पाच फूट चारचा निघाला तर तो तीच मागेल.